पैले खोल, फिर बोल

ज्याला मी ‘तुमचं पिस्तूल नकली आहे’ असं सांगतो, तो माणूस पुन्हा माझा जिना चढत नाही. येताना पेढे आणलेले असतात, चाचा-चाचा चाललेलं असतं, आणि जाताना चपला कुठं काढल्या त्याचंही भान नसतं. इतक्या वर्षांत मला त्याची सवय झालीय, असं मी लोकांना सांगतो. खोटं आहे ते. दर वेळी वाईट वाटतं, आणि मग त्या दिवशी मी कुणाशी धड बोलत नाही. अर्थात बोलायला तरी आहे कोण म्हणा.

आमचा धंदा बंदूकदुरुस्तीचा. सोलापुरात खाली अब्बांचं दुकान आणि वर घर. रानडुकरं हाकलायला शेतकरी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका ठेवायचे, त्या आमच्याकडं यायच्या. कुणाचा घोडा सैल झालेला, कुणाचा चाप अडकतोय, कुणाच्या नळीत गंज. पुढं परवाने कमी होत गेले. बंदुका पोलीस ठाण्यात जमा झाल्या त्या तिथंच राहिल्या. मीही दुकानाचा परवाना रीतसर परत केला आणि शटर ओढलं. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी नाशिकला असते. रविवारी फोन करते, ‘जेवलात का’ विचारते, आणि मी कायम ‘हो’ म्हणतो. शेजारच्या तेलुगू बाई नळाला पाणी आलं की भिंतीवर थाप मारतात. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं. म्हणजे चार-पाच दिवसांतून एकदा कुणीतरी मला हाक मारतं.

धंदा गेला, पण नजर राहिली. जुन्या पिस्तुलांचे शौकीन अजून शोधत येतात. बार न उडणारी, कागदपत्रं केलेली, शोभेपुरती उरलेली म्हातारी पिस्तुलं घेऊन येतात आणि खरं की नकली तेवढं सांगा म्हणतात. काही जण नुसते मोबाईलवर फोटो पाठवतात. फोटो बघून आजकाल कुणी मुलगीसुद्धा पसंत करत नाही, आणि हे पिस्तूल पसंत करायला निघालेत. टेंभुर्णीकडच्या एका धाबेवाल्यानं भिंतीवर टांगायला एक आणलं होतं, पेशव्यांच्या काळातलं म्हणे. मी म्हटलं, पेशव्यांकडं ग्राइंडर होता हे मला माहीत नव्हतं. तो गेला तो गेलाच.

खरं-खोटं ओळखण्यात जादू काही नाही. गिऱ्हाईक जिथं बघतं तिथंच नकली बनवणारा कष्ट घेतो. नळीवर नक्षी काढील, दस्त्यावर चांदीची तार बसवील, पण आत, लाकडात जिथं घोड्याचं यंत्र बसतं त्या खाचेत, त्याचा धीर सुटतो. जुन्या कारागिरानं ती खाच पटाशीनं कोरलेली असते. पटाशीचे घाव दिसतात, दारूच्या धुरानं लाकूड काळवंडलेलं असतं. नकलीतली खाच मात्र गुळगुळीत आणि गोरीपान. गंजाचंही तसंच. खरा गंज हात पोचत नाही तिथं धरतो, आणि हात लागतो तिथं लोखंड झिजून मऊ होतं. ॲसिड लावून आणलेला गंज सगळीकडं सारखाच असतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जुने कारागीर एका पिस्तुलाचे सगळे पुर्जे हातानं घासून एकमेकांत जुळवायचे. ते दुसऱ्याच्या पुर्ज्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर आतल्या बाजूनं एकच खूण करायचे, कानशीचे दोन चरे नाहीतर तीन चरे. चरे जुळले की समजायचं, सगळं एका हातचं आहे.

यातलं बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून अब्बांचा नियम एकच होता. ‘पैले खोल, फिर बोल.’ पिस्तूल पूर्ण उघडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दीडदोनशे वर्षांच्या वस्तूत कुठलातरी पुर्जा बदललेला असणारच. एकदा मी एक नवी स्प्रिंग बघून घाईनं ‘नकली’ म्हणून मोकळा झालो होतो, तेव्हा अब्बा म्हणाले होते, ‘किसीका एक दाँत नकली रह्या, तो क्या पूरा आदमी नकली हो गया रे?’ आता माझ्या स्वतःच्या तोंडात सात दात नकली आहेत. जेवताना कधीकधी अब्बांची आठवण येते.

त्यानंतर चाळीस वर्षं मी तो नियम पाळला. मोडला तो एकदाच.

एका गुरुवारी सकाळी जिन्यातूनच आवाज आला, “मिस्त्री हायत का?” माझ्याच वयाचा माणूस, दम लागलेला, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेली वीतभर वस्तू. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर होते ते. मी त्यांना शेवटपर्यंत फिटरच म्हणत आलो आणि ते मला मिस्त्री. टॉवेल उलगडला तर आत टोपीचं पिस्तूल. म्हणजे ज्यात घोडा तांब्याच्या इवल्याशा टोपीवर आपटून बार उडायचा, तसलं.

त्यांची हकीकत अशी. आपल्या भागात रूळ पडत होते त्या काळात त्यांचे पणजोबा एका गोऱ्या साहेबाकडं मोतद्दार होते, घोडी सांभाळायचे. साहेब मायदेशी निघाला तेव्हा खूश होऊन त्यानं हे पिस्तूल त्यांना दिलं. फिटरच्या वडिलांनी ही गोष्ट जन्मभर सांगितली, आणि करकंबच्या बाजूला त्यांचं गाव आहे, तिथली माणसं जन्मभर हसली. त्यांचं नावच पडलं ‘साहेबाचा जावई’.

“मयतीलाबी कुणीतरी म्हणलंच की, साहेबाचा जावई गेला म्हणून,” फिटर म्हणाले. “लई लागलं मला ते. आता माझंबी वय झालं. बाची गोष्ट खरी का खोटी, एवढंच सांगा मला. दुसरं काय नको.”

मी भिंग लावलं. पहिली नजर गेली ती यंत्र धरून ठेवणाऱ्या स्क्रूवर. जुन्या स्क्रूच्या डोक्यावरची चीर हातकरवतीची असते, अरुंद आणि जराशी तिरकी. ही सरळ होती, कडा धारदार. फिटर हातपाय धुवायला मोरीत गेले तेवढ्यात मी स्क्रूड्रायव्हर लावला. स्क्रू अजिबात अडला नाही, फिरला. दोन आटे वर आले. एकसारखे, स्वच्छ, लेथ मशीनवर काढलेले. आणखी एक पेढेवाला गेला, असं मनात आलं.

आता खरं तर स्क्रू पूर्ण काढायचा, यंत्र बाहेर घ्यायचं आणि आत बघायचं. पण मोरीतून फिटरचा आवाज आला, “मिस्त्री, तुमचा नळ गळतोय की. वायसर गेलंय. पुढच्या येळंला येताना आणतो.”

पुढच्या वेळेला. मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून तसाच बसलो. माझ्या घरात येऊन पुढच्या वेळेचं बोललेला माणूस मला किती वर्षांत भेटला नव्हता ते मी सांगत बसत नाही. मी स्क्रू होता तसा पिळला. फिटर टॉवेलाला हात पुसत आले तेव्हा मी तोंड वाकडं करून म्हणालो, “स्क्रू गंजून धरलाय. जोर केला तर त्याची मान तुटेल. थेंबभर तेल सोडतो. आठवडाभर इथंच मुरू दे.”

“मुरू दे की,” ते म्हणाले. “घाई काय हाय.”

पुढच्या गुरुवारी ते वायसर घेऊन आले. नळ थांबला. मी तेलाचा थेंब सोडला, स्क्रूड्रायव्हर लावून उगीच दात-ओठ खाल्ले, आणि ‘अजून पकड सुटली नाही’ म्हणालो. असं दीड वर्ष चाललं. दीड वर्ष, हसू नका. सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारच्या गाडीनं जायचे. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची, मी वरण-भात टाकायचो. त्यांचा हात रिकामा राहायचा नाही. पंख्याची कुरकुर घालवली, खालच्या शटरला ग्रीस लावलं, शेजारच्या बाईंचा मिक्सरसुद्धा दुरुस्त केला. मी बुधवारी झाडून घ्यायला लागलो. मुलीनं रविवारी ‘जेवलात का’ विचारलं तर गुरुवारी काय जेवलो ते सांगायला लागलो.

काम करता करता ते वडिलांच्या गोष्टी सांगायचे. वडीलही त्याच कारखान्यात फिटर. दसऱ्याला घरच्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडायचे, हातोडा, कानस, पाने, आणि मधोमध हे पिस्तूल, हळदीकुंकू वाहून. कुणी हसलं तरी रागवायचे नाहीत. म्हणायचे, हसू दे, एक दिवस कळंल. फिटरचे डोळे भरून यायचे. आणि मी मान डोलवत मनात म्हणायचो, बिचारा म्हातारा, कुठल्यातरी बाजारात फसला असेल. मला त्या बापलेकांची कीव यायची. कीव हा शब्द मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मला तो फार टोचला.

चोराच्या मनात चांदणं, तसं माझं व्हायचं. तेलाची बाटली काढली की फिटर माझ्या हाताकडं बघत राहायचे आणि मला वाटायचं, कळलं यांना. पण ते काही बोलायचे नाहीत.

मग एका गुरुवारी ते नेहमीपेक्षा लवकर आले. जिल्ह्यातल्या एका लहानशा संग्रहालयात जुन्या हत्यारांसाठी खोली होणार होती. फिटरनी तिथं पिस्तूल द्यायचं कबूल केलं होतं. शेजारी पाटी लागणार, वडिलांच्या नावाची. गावातल्या त्या हसणाऱ्या घरांतल्या सगळ्यांना त्यांनी आवतण दिलं होतं. पुण्याहून एक जाणकार येणार आणि सर्वांसमोर ते उघडून माहिती सांगणार.

“तुमी आदी एकदा उघडून बघा,” ते म्हणाले, “म्हंजी मी छाती फुगवून जातो.”

माझ्या डोळ्यांसमोर तो पुण्याचा माणूस आला. चार लोकांत स्क्रू काढतोय, हसतोय, आणि मागं गावची मंडळी एकमेकांना कोपरं मारतायत. माझ्या एकटेपणापायी मी या माणसाला कुठं आणून उभं केलं होतं. आता गप्प बसणं शक्यच नव्हतं. पण उघडायचं मात्र तेव्हाही सुचलं नाही. मला सगळं माहीतच होतं ना.

“फिटर, नका देऊ ते,” मी म्हणालो. “नकली आहे.”

त्यांनी पिस्तूल आपल्याकडं ओढलं. मग म्हणाले, “उघडलं कवा?”

“उघडलं नाही. स्क्रू पाहिला. लेथवरचा आहे.”

“कवा पायला?”

इथं एकदा खोटं बोललो असतो तर चाललं असतं. पण दीड वर्षाचं खोटं एकदम घशाशी आलं होतं. “पहिल्या दिवशी,” मी म्हणालो.

त्यांनी पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं. डबा तसाच भरलेला होता, तो पिशवीत ठेवला. गाडीला उशीर होईल म्हणाले. गाडीला साडेतीन तास होते. चपला मात्र त्यांनी नीट घातल्या आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. फोन वाजत राहायचा. मग मला त्यांचा राग यायला लागला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली माझी जात. मी खरं बोललो, चारचौघांत होणारी शोभा टाळली, वर माझ्यावरच रुसवा. भांडी घासताना मी त्यांच्याशी मोठमोठ्यानं भांडायचो. एकदा भिंतीवर थाप पडली. शेजारच्या बाई विचारत होत्या, कोण आलंय. मी म्हटलं, कुणी नाही.

तीन आठवड्यांनी मोबाईलवर फिटरकडून तीन फोटो आले. त्यांच्यासोबत एक अक्षर नव्हतं.

पहिला, वर्तमानपत्रावर ठेवलेला तोच स्क्रू, टोकाच्या बाजूनं काढलेला. टोकावर पंचानं, म्हणजे खुणेच्या टोचणीनं, मारलेले तीन बारीक ठिपके. दुसऱ्यात पिस्तुलाचं यंत्र सुटं केलेलं, पुर्जा न् पुर्जा ओळीत मांडलेला, आणि प्रत्येकावर आतून कानशीचे चार चरे. तिसऱ्यात लाकडाची खाच. काळीभोर, पटाशीचे घाव दिसणारी.

फोटोवरून मी कधी काही सांगत नाही. त्या दिवशी मात्र एका नजरेत कळलं, आणि मी पलंगावर बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. एक दाँत नकली रह्या, तो क्या पूरा आदमी नकली हो गया रे. अब्बा असते तर कानाखाली वाजवली असती, आणि मला ती हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला गेलो. कुणाच्या घरी आपणहून जायची सवयच राहिलेली नाही, स्टेशनवर उतरल्यावर परत फिरावं असं दोनदा वाटलं. फोन केला. या वेळी त्यांनी उचलला आणि दोन वाक्यांत पत्ता सांगितला.

टेबलावर सगळे पुर्जे तसेच मांडलेले होते. त्यांनी पाणी दिलं. मी भिंग काढलं आणि तासभर एकेक पुर्जा बघितला, दीड वर्षापूर्वी बघायला हवा होता तसा. नळीच्या खालच्या बाजूला विलायतेतल्या तपासणीचे छाप होते, कडा अजून ठसठशीत. मी भिंग खाली ठेवलं.

“खरं आहे,” मी म्हणालो. “त्याच काळातलं, तिकडचंच. एक स्क्रू सोडला तर.”

“त्यो माझ्या बाचा,” फिटर म्हणाले. “मूळचा हरवला आसंल. कारखान्यात करून बशिवला.” त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली आणि वडिलांची हत्यारं काढून माझ्यासमोर ठेवली. हातोडा, पाना, कंपास. सगळ्यांवर तेच तीन ठिपके. दीड वर्ष मी ज्या माणसाची कीव करत होतो, त्याच्याच हातचं काम बघून त्याला खोटा ठरवून बसलो होतो.

मी माफी मागितली. ती पुरेशी नाही हे दोघांनाही कळत होतं.

“तेल दोन दिसात मुरतं मिस्त्री,” ते पुर्जे उचलत म्हणाले. “मी फिटर हाय. पयल्या म्हयन्यातच कळलं हुतं मला. म्हणलं, माणूस एकटा हाय, तेलाचं निमित्त करतोय, करू दे. म्हणून तर यायचो. त्याचं काय न्हाय मला. पण तुमी मनात खोटं ठरवून माझ्या बाच्या गोष्टी ऐकत बसला, चहा पाजत. गावातली लोकं तोंडावर तरी हसायची.”

मग मी बोललो, आजवर कुणाला न सांगितलेलं. “उघडलं असतं तर सांगावं लागलं असतं. आणि सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता.”

“कोण म्हणलं?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. “खोटं म्हणला असता तरी आलो असतो की. वायसर बशिवायचं हुतं.”

मग त्यांनी यंत्र खाचेत बसवलं, वडिलांचा स्क्रू पिळला, टॉवेलानं पिस्तूल पुसलं. मला विचारायला धीर होत नव्हता, तरी विचारलं, “आणि आता?”

“आता इचार करावा लागंल,” ते म्हणाले. चहा मात्र करून दिला. मी तो पिऊन दुपारच्या गाडीनं परत आलो.

पिस्तूल संग्रहालयात गेलं. कार्यक्रमाला त्यांनी मला बोलावलं नाही, मी नंतर एकटाच जाऊन बघून आलो. काचेमागं पाटी आहे, वडिलांच्या पूर्ण नावाची. तिथला माणूस सांगत होता, पुण्याच्या साहेबांनी जुन्या पद्धतीचा स्क्रू बसवून देतो म्हटलं तर देणाऱ्यानं ऐकलं नाही, आहे तोच राहू दे म्हणाला. गावची माणसं ट्रॅक्टर करून आली होती. कुणी हसलं नाही म्हणे.

या गोष्टीला आता सात-आठ महिने झाले. मी गुरुवारी बाहेर जात नाही. मला फिटरची फार आठवण येते, आणि ती त्यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूंची नाही, माझी लबाडी ओळखूनही ते येत राहिले त्याची आहे. गेल्या महिन्यापासून मोरीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. शेजारच्या बाईंनी प्लंबरचा नंबर दिला, दोनदा विचारलंही, बोलावला का म्हणून. खाली बादली ठेवलीय. फिटर अजून विचार करत असतील, म्हणून प्लंबरला मी अजून बोलावलेलं नाही.